ग्रिगोरी ल्वोविचचा होकारा

या, अशा जवळ सरकून बसा. मालिद्याचे पोहे आत्ताच भिजत घातलेत, नारळ खवायचा राहिलाय, आणि पुरुषमंडळी प्रार्थनेहून परतायला अवकाश आहे. तेवढ्यात एक आख्यान होऊन जाईल. पुराणातलं नव्हे, माझ्यावर बेतलेलं. ऐकताना होकारा मात्र द्यायचा हं! आमचे हायममामा आवासकर कीर्तनाला उभे राहिले की आधी बजावायचे, "होकारा नाही, तर कथा नाही. भिंतींना गोष्टी सांगायला मी वेडा नाही."

आम्ही थळचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पण कीर्तनाचं वेड अस्सल मराठी. हायममामांच्या हातात झांज, माझे वडील एलायजा पेटीवर, आणि आख्यान आमच्या धर्मातलं. मी सगळ्यांत पुढे बसायची. मामांनी वाक्य टाकलं की मी "जी!" म्हणायची. वडील म्हणत, "दीना, गायला तुला देवानं गळा दिला नाही, पण कान दिलेत. ऐकणारा असला तरच देव बोलतो."

तर त्या कानांनी मी पुढे मुंबईत रशियन शिकले. हसू नका. बॅलार्ड पियरला एका कंपनीत टायपिस्ट होते. रशियातून बोटीनं यंत्रं यायची. रशियन येणाऱ्याला बढती होती, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. वडील म्हणाले, "जिथं देवाचं नाव घ्यायची चोरी, तिथली भाषा शिकून करणार काय?" मी म्हटलं, "देवाचं नाव घ्यायला मराठी आहे की. ही पोटासाठी." आणि खरंच, त्या भाषेत मी आयुष्यभर एकाच तऱ्हेची पत्रं लिहिली. खोकी भिजली, माल गंजला, बोट उशिरा पोचली, कृपया पोच द्यावी.

पुढे वडील गेले, मालक गेले, कंपनीही गेली. मी शमुएलदादाकडे इस्राएलला, अश्दोदला जाऊन राहिले. समुद्राकाठचं बंदराचं गाव. दादा गोदीत होता. सिंपोरावहिनी मनानं वाईट नव्हती, पण तिची जीभ म्हणजे सुरी. मला हिब्रू धड येत नव्हती, म्हणून एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागले. वहिनी म्हणायची, "मुंबईत टेबलखुर्चीवर बसलीस, आणि इथं येऊन साली काढतेस! त्या रशियनऐवजी नीट स्वयंपाक शिकली असतीस तर निदान आचारीण तरी झाली असतीस."

 मी मनात ठरवलं होतं की वहिनीच्या घरात ओशाळी होऊन म्हातारी व्हायचं नाही. स्वतःची खोली हवी, स्वतःचं कुलूप हवं.

तेवढ्यात दिवस फिरले. सोव्हिएत राज्य मोडलं आणि तिकडचे ज्यू विमानंच्या विमानं भरून येऊ लागले. आश्रमाचा वरचा मजला रशियन म्हाताऱ्यांनी भरून गेला. त्यांचं कुणाला कळेना, कुणाचं त्यांना कळेना. एके दिवशी वरच्या मजल्याची मुख्य, ओर्ना, स्वयंपाकघरात आली. मोरोक्कोच्या घरातली, उंच, तडफदार बाई. दारातूनच ओरडली, "इथं कुणाला रशियन येतं?"

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मी हातातला बटाटा खाली ठेवला.

"तुला?" ओर्ना हसली. "तू तर हिंदुस्थानची."

"हिंदुस्थानातही शिकवतात," मी म्हटलं.

"चल तर मग. महिनाभर बघते. जमलं तर पक्की नोकरी, आणि कामगारांच्या इमारतीत खोली. नाही जमलं तर हे बटाटे आहेतच."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. चहाची गाडी ढकलत मी दिवाणखान्यात गेले आणि मोठ्या रुबाबात रशियनमधून म्हणाले, "सन्माननीय नागरिकहो, आपणांस कळविण्यात येते की चहा सुस्थितीत पोचलेला आहे. कृपया ताब्यात घ्यावा."

फाइना मोइसेयेव्ना नावाची एक गोल चेहऱ्याची आजी अशी हसत सुटली की तिची कवळी निसटली. "अगं बाई, आणि साखर? ती काय वेगळ्या बोटीनं येणार आहे?"

मला दुसरी रशियन येतच नव्हती ना! पण त्या हसण्यानं दार उघडलं. त्यांच्यात माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, बापाचं नाव जोडतात. म्हटलं, हे तर आपल्यासारखंच झालं. वडील एलायजा, म्हणून त्यांच्या वळणानं मी झाले दीना इल्यीनिच्ना, एलायजाची दीना. त्या नावानं पहिली हाक आली तेव्हा वडील मागे पेटी घेऊन बसल्यासारखं वाटलं.

सगळे बोलायला लागले, एक सोडून.

ग्रिगोरी ल्वोविच. म्हणजे ल्येवचा मुलगा ग्रिगोरी. किडकिडीत, मोठ्या कानांचा म्हातारा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. बरोबर नातलग नाही, मागं कुणी नाही. तिकडे नाटक कंपनीत होता एवढंच माहीत. "नट असेल," फाइना म्हणायची, "पण मोठा नसणार. मोठ्यांना मी ओळखते." आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता, आणि हळूहळू त्यानं जेवणही सोडलं. मी काशा घेऊन जायची, म्हणजे आपली लापशीच ती. चमचा ओठांपाशी नेला की डोळे मिटून घ्यायचा. रागानं नव्हे. दुकान बंद करतात तसा.

मी त्याला सगळ्या परींनी विनवलं. "ग्रिगोरी ल्वोविच, आपल्या उत्तराची प्रतीक्षा आहे." 

महिना संपत आला. ओर्नानं मला बाजूला घेतलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, तो खात नसेल तर रविवारी त्याला बीरशेबाच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं. तिथं नाकातून नळी घालतील."

"तिथं रशियन बोलणारं कुणी आहे?"

"मला नाही वाटत." तिनं नजर चुकवली. "आणि दीना, आश्रमाचे साहेब म्हणतात की खास रशियनसाठी बाई ठेवून जर माणूस उपाशीच राहतो, तर ती ठेवायची कशाला? मी भांडतेय तुझ्यासाठी. पण माझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं."

त्या दिवशी घरी गेले तर वहिनी म्हणाली, "काय गं, चेहरा असा का? बटाटे बोलावताहेत वाटतं?"

मी जेवले नाही. एलियाहू हनावीची तसबीर दादाच्या भिंतीवर होती. आपला संकटात धावून येणारा पैगंबर. त्याच्यापुढे उभी राहिले आणि नवस बोलले. खोटं कशाला सांगू, आधी नोकरीसाठीच हात जोडले होते. पण तोंडातून निघालं ते असं, "बाबा, त्या माणसाला नळी लावू देऊ नकोस. त्यानं एक घास खाल्ला तर मी मालिदा करीन."

गुरुवारचा दिवस. दुपारचा चहा चालला होता. बाहेर वारा सुटलेला, खिडकीच्या काचांवर वाळू सळसळत होती. फाइना मोइसेयेव्नानं बशीत बिस्किट बुडवता बुडवता विषय काढला. "दीना इल्यीनिच्ना, राग मानू नकोस, पण एक विचारते. तू खरंच ज्यू आहेस? हिंदुस्थानात हत्ती असतात, साप असतात, महाराजे असतात. ज्यू कुठून आले?"

दोघीतिघी हसल्या. मला मात्र झोंबलं. साऱ्या जन्मात हा प्रश्न मला कोकणात कुणी विचारला नव्हता. आमच्या शेजारच्या पाटलीणबाई शनिवारी, विसाव्याच्या पवित्र दिवशी, आमची चूल पेटत नाही म्हणून स्वतः गरम दूध आणून द्यायच्या. आणि इथं, देवाच्या देशात येऊन मी परकी?

"सांगते," मी म्हटलं. "पण आमच्या पद्धतीनं सांगणार. उभं राहून."

कामाचा एप्रन कमरेला पदरासारखा खोचला. झांज नव्हती, चहाचे दोन चमचे घेतले. डोळे मिटून हायममामांचं नमन मराठीतच म्हटलं. गळा नाही म्हणून सांगितलंय ना मी, तर तसंच, भसाड्या आवाजात. म्हाताऱ्या टकमक बघू लागल्या. आणि मग मी रशियनमधून आख्यान लावलं. आपल्या पूर्वजांचं गलबत या इथं नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, ते आख्यान.

आणि काय सांगू, बायांनो! जन्मभर ज्या पत्रांना मी नावं ठेवली, ती त्या दिवशी धावून आली. वादळ, खडक, फुटलेलं गलबत, बुडालेला माल, यांतला एकेक शब्द मला पाठ होता. "नागरिकहो, वाऱ्याचा वेग अनपेक्षितरीत्या वाढला! गलबताचा तळ फुटला! मालाचं संपूर्ण नुकसान झालं!" चमचे खणखणत होते. कुणी हसेना. फाइनाच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं, तिला पत्ता नाही.

"मोजकी माणसं लाटांनी किनाऱ्यावर टाकली. अंगावर ओली वस्त्रं. बाकी सगळं बुडालं. ग्रंथ बुडाले. सणावारांचे हिशेब बुडाले. पोरं झाली, पोरांना पोरं झाली, ती मराठी बोलू लागली. पूर्वजांची भाषा विसरली. तेल गाळायचे घाणे घातले, शनिवारी घाणे बंद ठेवले, पण का बंद ठेवायचे तेही विसरली. सगळं, सगळं विसरली! फक्त एक ओळ विसरली नाहीत. मूल जन्मलं की ती म्हणायची, माणूस गेला की ती म्हणायची. आणि नागरिकहो, ती ओळ कोणती?"

आणि मी थांबले. हात वर, डोळे मिटलेले.

आपल्या कीर्तनात ही थांबायचीच जागा. हायममामा इथं थांबायचे आणि सगळा मांडव एका आवाजात ती ओळ म्हणायचा. त्याशिवाय मामा पुढे जात नसत. ती सवय माझ्या हाडात मुरलेली. पण मी हे साफ विसरले, की समोर थळचा मांडव नाही. ही माणसं अशा राज्यातून आलेली, जिथं ती ओळ आजीनं पुटपुटली तरी आई दार लावून घ्यायची.

कुणी बोलेना. वाऱ्याचा आवाज तेवढा. कुणीतरी कुजबुजलं, "बिचारी, शब्द विसरली." डोळे किलकिले केले तर दारात ओर्ना हाताची घडी घालून उभी. तिच्यामागे साहेब!  ओळ माझ्या ओठांवर होती. मी ती म्हणून टाकू शकत होते. पण मामांचा शब्द कानात, की होकारा नाही तर कथा नाही. आपला होकारा आपणच द्यायचा म्हणजे कथेची विटंबना. मी हात वरच ठेवला. तो थरथरत होता.

आणि मग कोपऱ्यातून, भिंतीकडून आवाज आला. आवाज तरी कसा म्हणू? नुसता श्वास होता तो. पण खोलीच्या कानाकोपऱ्यात पोचला.

"श्मा यिस्रोएल..."

उच्चार आपल्यापेक्षा वेगळा. पण ओळ तीच. आपली शेमा इस्राएल, 'ऐक, हे इस्राएला'.

 मी ती ओळ मोठ्यानं उचलली. मग फाइनानं, अडखळत. मग आणखी कुणी. एक आजोबा शब्द येत नव्हते म्हणून नुसतेच गुणगुणले. मी वळून पाहिलं. ग्रिगोरी ल्वोविचनं खुर्ची फिरवली होती. चेहरा कडक, कपाळाला आठ्या.

"पुढं चला!" तो रशियनमधून म्हणाला. "थांबलात कशाला? प्रेक्षक वाट बघताहेत!"

आख्यान मी कसं संपवलं ते मला आठवत नाही. संपल्यावर तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "ग्रिगोरी ल्वोविच, तुम्ही होकारा दिलात, देव तुमचं भलं करो."

"होकारा नाही," तो म्हणाला. "तुम्ही वाक्य विसरलात. मी सुचवलं."

"मी विसरले नव्हते. ती आमची थांबायची जागा आहे."

"विसरला होतात."

"अहो, थांबले होते!"

"बाईसाहेब!" आता त्याचे मोठे कान लाल झाले. "रंगमंचावर माणूस थांबलाय की विसरलाय, हे मला शिकवू नका. तुमचा हात थरथरत होता. थांबणाऱ्याचा हात थरथरत नाही."

"तो साहेबांना बघून थरथरला! आणि हे बघा, भांडायचं असेल तर पोटात काहीतरी घालून भांडा. उपाशी माणसाशी मी भांडत नाही." दुपारचं काशाचं वाडगं त्याच्याशेजारी तसंच होतं, त्यातला चमचा भरून मी पुढे केला.

त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. चमचा माझ्या हातातून काढून घेतला, आपल्या हातानं काशाचा घास घेतला आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, "तरीपण विसरलाच होतात."

दारात ओर्नानं डोळ्यांना हात लावला. साहेबांना रशियन कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?" ओर्ना म्हणाली, "मला काय कळतंय? पण जेवतोय ना!"

वाडगं रिकामं झालं, तेव्हा त्यानं सांगितलं. तो नट नव्हता. प्रॉम्प्टर होता. रंगमंचाच्या पुढच्या काठाखाली एक खोका असतो, त्यात जन्म काढलेला. फक्त डोकं वर, तेही प्रेक्षकांना दिसू नये असं झाकलेलं. नट वाक्य विसरला की हा खालून श्वासासारखं सुचवायचा. "पडदा पडला की सगळे हात धरून वाकायचे. टाळ्या व्हायच्या. मी खालीच. बाहेर आलो की थिएटर रिकामं."

"मग इथं येऊन बोलणं का टाकलंत?" मी विचारलं.

त्यानं खिडकीकडे पाहिलं. "इथं लोक काय बोलतात ते मला कळत नाही, दीना इल्यीनिच्ना. कुणाच्याही तोंडचं पुढचं वाक्य मला ठाऊक नाही. मग माझं काम काय? जेवायचं कशासाठी?"

"आणि ती ओळ?"

"आजी झोपताना म्हणायची. लहान होतो. मला वाटलं होतं, ती मी कधीच विसरलो." मग तो म्हणाला, "पण तुमची जागा रिकामी राहिली. आणि रिकामी जागा मला बघवत नाही."

रविवारी बीरशेबाची गाडी आली नाही. मला पक्की नोकरी मिळाली, खोली मिळाली, दाराला स्वतःचं कुलूप मिळालं. नवसाचा मालिदा तिथंच केला. नव्या घरी ऊतू घालायला सिंपोरावहिनीनंच दुधाचं पातेलं आणून दिलं आणि म्हणाली, "बाई गं, तुझ्या रशियनला माझा नमस्कार." पुढे ओर्ना निवृत्त झाली तेव्हा तो मजला माझ्या हाती आला. इथले शेजारपाजारचे पोरांना माझं उदाहरण देत, की परदेशात जायचं तर अशी एखादी भाषा शिका. मी मान डोलवायची. भाकरी त्या भाषेनंच दिली, खोटं कसं म्हणू? पण त्या गुरुवारी मला तारलं ते बोलण्यानं नव्हे. थांबण्यानं.

दर गुरुवारी मग आमचं कीर्तन ठरलं. ग्रिगोरी ल्वोविच पहिल्या रांगेत, माझ्या वाक्यांची ओढाताण दुरुस्त करत. त्यानंच माझी पत्रांची भाषा सोडवली. एकदा म्हणाला, "चहा 'पोचत' नसतो, चहा 'होतो'. लोकांना म्हणा, या, चहा झालाय." नवगावचं गलबत आलं की मी त्याच जागी थांबायची, तो त्याच जागी सुचवायचा, आणि मग जेवताना तोच वाद. विसरलात. थांबले. विसरलात.

एका हिवाळ्यात तो झोपेतच गेला. दफनाला त्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. शमुएलदादानं आपल्या मराठी सिनॅगॉगमधली माणसं गोळा केली, गोदीतली पाळी सोडून आली बिचारी. प्रार्थना म्हणणाऱ्यानं विचारलं, "नाव काय? कोणाचा मुलगा?" मी म्हटलं, "ग्रिगोरी..." आणि मला पुढचं आठवेना. जे नाव दिवसातून दहादा घेत होते, ते आठवेना. मी तशीच उभी राहिले. कान टवकारून. जणू मातीखालून, त्याच्या त्या खोक्यातून, तो सुचवणार होता.

तेव्हा फाइना मोइसेयेव्ना माझा दंड धरून म्हणाली, "ल्येवचा. ल्येवचा मुलगा, ग्रिगोरी."

त्या वेळी मी खरंच विसरले होते, बायांनो. थांबले नव्हते.

आता म्हातारपणी मी इथं कोकणात परत आलेय, आणि आज त्याच्या जाण्याचा वर्षदिवस. हा मालिदा त्याच्या नावाचा. ऐका, पुरुषमंडळींचा आवाज आला. नारळ राहिलाच की खवायचा! आणा तो इकडे. आता ताट मांडल्यावर मी गेलेल्यांची नावं घेईन. आईवडिलांचं घेईन, हायममामांचं घेईन, आणि त्यानंतर थांबेन. माझं वय झालंय. मी थांबलेय की विसरलेय, ते तुम्ही बघू नका. जागा रिकामी राहू देऊ नका. सगळ्याजणी मिळून, हळूच, श्वासासारखं, पण पार नवगावच्या किनाऱ्यापर्यंत पोचेल असं म्हणा: ग्रिगोरी, ल्येवचा मुलगा.